पान माझं, तुरा तुझा

कुमुद,

श्रावणात तू गेलीस आणि आता दसराही होऊन गेला. मधल्या दिवसांत मी काय केलं असं कुणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही. सकाळी मिसरोदच्या घरून निघते, दिवसभर लॅबमध्ये बसते, संध्याकाळी गर्दीतून परत येते आणि चपला न काढता तशीच सोफ्यावर बसून राहते. रडू येत नाही. थकवा येतो. माणूस गेल्यावर रडायला येतं हे सगळ्यांनी सांगितलं होतं, इतका शीण येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. दोनदा बसले. जन्म, शिक्षण, नोकरी, वनस्पतिशास्त्राच्या विभागात इतकी वर्षं सेवा, गवतांच्या अभ्यासात मोलाचं योगदान. वाचून पाहिलं तर एखाद्या सरकारी बाईंची माहिती वाटली. बसल्या जागी गवताची काडी चावणारी, कुणाच्याही लग्नात जेवणाच्या पंगतीपेक्षा मांडवामागच्या पडीक जागेत जास्त वेळ काढणारी तू त्यात नव्हतीसच. मग ते ठेवून दिलं. मंडळाला जे द्यायचं ते देईन. तुझ्याशी मला वेगळं बोलायचंय, आणि त्यातलं निम्मं तुला ऐकायला आवडलं असतं म्हणून जास्तच त्रास होतोय.

तू पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आलीस ते मला लख्ख आठवतं. मी इंदूरहून नवी नवी नोकरीला आले होते. टेबल स्पिरिटने पुसून नुकतं स्वच्छ केलं होतं. तू दार ढकलून आत आलीस, हातात मातीसकट उपटलेला गवताचा ठोंब, आणि तो सरळ माझ्या टेबलावर ठेवलास. ओळख नाही, पाळख नाही.

"याची आई कोण, ते सांगता येईल का तुझ्या मशीनला?"

"आधी ती माती उचला," मी म्हटलं.

"माती काय, पुसली की जाते. आई कोण ते कसं कळणार?"

मी चिडले होते, पण प्रश्न बरोबर होता. पानातला जो हिरवा भाग असतो, त्यातला डीएनए गवताला बहुतेक आईकडूनच मिळतो, हे तुला माहीत होतं. उरलेला दोघांकडून. दोन्ही वाचले तर गवताची आई कुठल्या घरची, बाप कुठल्या घरचा, आणि ही घरं एकमेकांपासून फुटली कधी याचा अंदाज बांधता येतो. तू भिंगातून तुरे बघून जे वर्षानुवर्षं करत होतीस, तेच मी अक्षरं वाचून करणार होते. माती उचलता उचलता मीही 'अहो'वरून 'अगं'वर आले आणि दुपारी तू मला तुझ्या डब्यातले तर्री पोहे खायला घातलेस. इंदूरच्या मुलीला पोह्यांवर रस्सा ओतून देणं हा अपमान आहे हे मी तुला तेव्हाच सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलं नाहीस.

आपल्या मराठी लोकांत कुठेही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तू म्हणायचीस, भोपाळची. समोरची बाई हसून म्हणायची, "हो, पण मूळच्या?" तुझे वडील, राज्य नवं होऊन भोपाळ राजधानी झालं तेव्हा, नागपूरहून ऑफिसबरोबर इथे आले, तू इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलीस, इथेच शाळेत गेलीस, इथेच लग्न झालं. तरी 'मूळच्या' म्हटलं की तुला नागपूर सांगावं लागायचं. परत येताना गाडीत तू धुसफुसायचीस. "मी काय गवत आहे का, मला माझं मूळ विचारून राहिल्या?" आणि मी म्हणायचे, अगं, गवताला तर तूच विचारतेस रोज उठून. त्यावर तू इतकी हसायचीस की गाडी हळू करावी लागायची.

खरंच तेच तर आपलं काम होतं. माळव्याच्या पठारावरची देशी गवतं, इथलीच म्हणून जी आपण धरून चालतो, ती कुठून फुटली, कुणाशी सख्खी, कुणाशी चुलत. लोकांना हे सांगितलं की लोक पुढच्या वाक्याची वाट बघायचे. पुढचं वाक्य नव्हतं. औषध नाही, धान्य नाही, नुसतं गवत. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "म्हणजे म्हशी खातात तेच?" तू अगदी गंभीरपणे म्हणालीस, "हो, तेच. म्हशींना आमच्याआधी कळलंय त्यातलं."

कामाची आपली एक पद्धत बसली होती आणि तिचा आपल्याला अभिमान होता. पावसाळा सरता सरता कोलार रोडच्या पलीकडच्या टेकरीवर जायचं. तू पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. तू चालता चालता एखाद्या ठोंबापाशी थांबायचीस, बसायचीस, मुळांसकट उपटायचीस. त्यातली तुरा आलेली काडी तू बघायचीस, कारण तुझ्या शास्त्रात गवताची सगळी ओळख तुऱ्यात असते. मी त्याच ठोंबातलं कोवळं पान कात्रीने कापायचे, कारण तुरा आलेल्या काडीची पानं राठ होतात, त्यांतून डीएनए नीट निघत नाही. पान सुकायला सिलिका जेलच्या पाकिटात, बाकी सगळा ठोंब तुझ्या प्रेसमध्ये वर्तमानपत्रात दाबून. "पान माझं, तुरा तुझा," असं आपण म्हणायचो. इतक्या सरळ वाटणीवर आपलं कधी भांडण झालं नाही. जमिनीच्या वाटणीत भाऊ-भाऊ कोर्टात जातात, आपण एका ठोंबाची वाटणी करून एका डब्यात जेवायचो.

भांडण झालं ते टेकरीवाल्यावरून.

ते गवत तुलाच दिसलं होतं. उताराच्या वरच्या अंगाला, दगडांमध्ये. तिथे सगळीकडे मारवेल आहे, जनावरं आवडीने खातात ते. त्यातच हे होतं. तू खूप वेळ भिंग डोळ्याला लावून बसलीस आणि मग अगदी हळू आवाजात म्हणालीस, "शैले, हे मी कुठेच पाहिलेलं नाही." मला ते मारवेलसारखंच दिसलं. मला सगळी गवतं मारवेलसारखीच दिसायची, हे तूच सगळ्यांना सांगत असायचीस.

मी पान वाचलं. मारवेल निघालं. तू म्हणालीस, परत वाच. पुढच्या वर्षी परत गेलो, तू परत तेच गवत शोधून काढलंस, मी परत पान कापलं, परत मारवेल. आईकडून मारवेल, बापाकडून मारवेल, कुठेही फरक नाही. मी तुला समजावलं की एकच गवत दगडात वेगळं दिसतं, चरल्यावर वेगळं दिसतं, सावलीत वेगळं. तू म्हणायचीस, मारवेलच्या काडीच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, याच्या पेरावर नाही. मी म्हणायचे, केस गळले असतील.

"केस गळले म्हणते! माझ्या नवऱ्याचं डोकं आहे का ते?"

"कुमुद, डीएनए खोटं बोलत नाही."

"नाही बोलत. पण ते कुणाबद्दल बोलून राहिलं, ते तर विचार."

मी तेव्हा हसले. तुझ्याकडे उत्तर नसलं की तू असं काहीतरी बोलतेस असं मला वाटायचं. अनेक वर्षं हे चाललं. बाकीच्या गवतांवर आपण एकत्र लिहिलं, छापलं, कौतुक करून घेतलं. टेकरीवाल्याचा शोधनिबंध मात्र अर्धा होऊन पडला होता, कारण तो कसा संपवायचा यावर आपलं एकमत होत नव्हतं. मला लिहायचं होतं की हे मारवेलचंच एक रूप आहे. तुला लिहायचं होतं की हे वेगळं आहे आणि फार जुनं आहे. पुरावा माझ्याकडे होता. तुझ्याकडे डोळे होते.

रागाने बोलते आहे असं वाटेल. तसं नाहीये. माझी आई इंदूरला आजारी होती तेव्हा शनिवार-रविवारी तू मला तुझ्या गाडीतून घेऊन जायचीस. मला गाडी चालवण्याचं अवसान नसायचं. वाटेतलं सीहोर गेलं की तू कुठेतरी गाडी बाजूला लावायचीस आणि म्हणायचीस, "जरा त्या बांधावरचं गवत बघून येते." मला इतका राग यायचा. तिकडे आई अशी, आणि हिला गवत सुचतंय. मी एकटीच गाडीत बसून रडायचे. तू आलीस की तोंड पुसून पुढे. हातात कधी गवत नसायचं तुझ्या, हे माझ्या लक्षात यायला आईचं सगळं होऊन गेल्यावर वर्ष लागलं. तू मला रडायला जागा करून देत होतीस. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात असं काही बोलायची पद्धतच नव्हती, पोह्यांवर मात्र तासभर बोलायचो.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. ते सगळं लिहीत नाही. हॉस्पिटलचा तो जिना, लिफ्टसमोरची रांग, कँटीनचा पांचट चहा, तुझ्या अरुणरावांचा रोज थोडा थोडा उतरत जाणारा चेहरा. मी लॅबमधून थेट यायचे, तुझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि कितीदा बसल्या बसल्या डुलकी लागायची. तू जागी असायचीस आणि मी झोपलेली. नर्सने एकदा विचारलं, "आप दोनों में पेशेंट कौन है?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

आषाढातली ती संध्याकाळ. अरुणराव औषधं आणायला खाली गेले होते. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. तू म्हणालीस, "शैले, लिहून टाक आता."

"काय?"

"टेकरीवालं. मारवेलच आहे म्हणून लिहून टाक. माझं नाव घाल, माझी हरकत नाही. मी थकले बाप्पा."

मी म्हटलं, "बरं, बघू." तू म्हणालीस, "बघू नको. लिही." आणि कूस बदललीस. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले आणि मला काहीही वाटलं नाही. खिडकीतून खालच्या रिक्षा बघत बसले. माझं पटलं म्हणून तू तुझं म्हणणं सोडलं नव्हतंस, धरून ठेवायची ताकद संपली म्हणून सोडलंस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मीही इतकी दमले होते की ते परत तुझ्या हातात द्यायचं त्राण माझ्यात नव्हतं.

तू गेल्यावर, दिवस झाल्यावर, अरुणरावांचा फोन आला. "शैलाताई, ते मागच्या खोलीतलं सामान बघून घ्या हो. मला त्यातलं काही समजत नाही, अन् टाकवत पण नाही."

मागची खोली तू जशी सोडली होतीस तशीच होती. कपाटात गवतांचे कागद, प्रत्येकावर एकेक चिकटवलेलं गवत, खाली तुझं बारीक अक्षर. डांबराच्या गोळ्यांचा वास. अरुणरावांनी चहा आणून दिला आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "ती असताना या खोलीत पंखा लावायची मला बंदी होती. आता लावू शकतो, तर लावावासा वाटत नाही." मी म्हटलं, नका लावू, गवत उडेल. ते हसले आणि आत निघून गेले.

टेकरीवाल्याचे कागद वेगळे बांधलेले होते. मी पहिला काढला तो केवळ निबंधात फोटो घालायचा म्हणून. मारवेलचं एक रूप, आकृती अमुक. तुझ्या शब्दाप्रमाणे लिहून टाकणार होते. कागद खिडकीपाशी धरला आणि माझ्याच कात्रीच्या खुणा दिसल्या. जनावराने तोडलेलं पान फाटकं असतं, कात्रीचं सरळ असतं. ठोंबातली सरळ कापलेली पानं मी बोटाने मोजत, हो, ही माझी, ही माझी, करत खाली गेले. ती ज्या काडीला लागली होती तिच्या पेरावर पांढरं कडं होतं. अगदी स्पष्ट, भिंगाशिवाय दिसेल असं. आणि तुझी तुऱ्याची काडी शेजारीच होती. तिच्या पेरावर काही नव्हतं.

चहा गार झाला.

मग तू करायचीस तसं केलं. स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणलं, ठोंबाचं बूड त्यात भिजत ठेवलं. मुळं मऊ झाल्यावर सुईने एकेक सोडवली. तुझ्या हाताला हे दहा मिनिटांचं काम, मला सगळी दुपार लागली. शेवटी ते सुटलं, आणि माझ्या हातात दोन गवतं आली. एक मारवेल. एक तुझं.

ते मारवेलच्या पोटात उगवत होतं, कुमुद. दरवर्षी, प्रत्येक ठोंबात. मी बाकीचे कागदही भिजवून पाहिले, सगळीकडे तेच. बाहेरून मारवेलचं कोवळं पान, आत तुझ्या गवताची काडी, मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली की उपटलं तर एकच वाटावं. बहुतेक जनावरांच्या तोंडापासून वाचायला तिथे शिरत असेल. तू तुरा बघत होतीस, तुझ्या गवताचा. मी पान कापत होते, मारवेलचं. इतकी वर्षं आपण दोन वेगळ्या गवतांवरून भांडलो आणि दोघीही आपापल्या जागी खरं बोलत होतो. पाकिटात गेलेल्या पानाला पेर नसतं, म्हणून मी कडं कधी पाहिलंच नाही. तुझी नजर तुऱ्याच्या काडीवरून हलायची नाही, म्हणून तू पान पाहिलं नाहीस. आपल्या त्या सुंदर वाटणीने आपल्याला हा दगा दिला. एखाद्या भोळ्या माणसाने अख्खा ठोंब एकट्याने उपटून एकट्याने पाहिला असता तर तो फसला नसता.

मला त्या क्षणी पहिल्यांदा रडू आलं. तू गेलीस त्याचं नाही. तुला फोन करता येत नव्हता त्याचं.

तुझ्या काडीची राठ, सुकलेली पानं घेऊन लॅबमध्ये आले. द्रव नायट्रोजन ओतून खलात कुटली, पांढरा धूर खाली लादीवर वाहत गेला. सुकलेल्या पानातला डीएनए तुटका असतो, त्यातून जेवढं हाती लागेल तेवढं घेतलं. पहिल्यांदा काहीच निघालं नाही. दुसऱ्यांदा थोडं. वाचायला बाहेर पाठवलं आणि वाट बघत बसले. नवरात्रात घरोघरी गरबा, आरत्या, लाउडस्पीकर, आणि मी मेल उघडून बंद करत होते. अरुणरावांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना आशा लावून मग काढून घ्यायची, हे मला जमलं नसतं.

निकाल आला. मी तो दुसऱ्या पानावर परत करून पाहिला, कारण माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. दुसराही तसाच आला. मग आपल्या सगळ्या गवतांच्या वंशावळीत तो बसवून पाहिला. स्क्रीनवर मारवेल आणि त्याची सगळी सख्खी, चुलत भावंडं एका फांदीवर एकत्र येतात, ते तुला पाठ होतं. तुझं गवत त्या फांदीवर नव्हतं. ती फांदी जिथून फुटते त्याच्याही खाली, त्यांच्यातल्या कुणीही असण्याच्या आधी, एक बारीक रेघ निघून एकटीच सरळ गेलेली होती. टोकाला मी तू दिलेलं नाव टाइप केलं होतं. टेकरीवालं.

वेगळं आहे. जुनं आहे. मारवेल इथे मारवेल व्हायच्या आधीपासूनचं आहे.

तू बरोबर होतीस गं. आणि मी 'बरं, बघू' म्हटलं होतं.

तू हरून गेलीस, आणि हरली नव्हतीस, हे मला सहन होत नाहीये. मला वाटत होतं आपल्या भांडणाचा निकाल लागला की एकीने दुसरीला चिडवायचं, पुढचे दोन महिने पोहे वसूल करायचे. आता निकाल माझ्या हातात आहे आणि समोर तू नाहीस. अरुणरावांना सांगायला गेले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे ती बरोबर होती?" मी म्हटलं, हो. "तिला माहीत होतं का?" मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "तिला माहीतच होतं. आम्हाला नव्हतं." ते उठले आणि तुझ्या खोलीतला पंखा लावून आत बसून राहिले.

पण एवढ्याने भागत नाही, हे तुला मी सांगायला नको. सुकलेल्या दोन-चार पानांवरून नवं गवत जाहीर करता येत नाही. जिवंत रोप हवं. त्याची ताजी मुळं, ताजं बी, कुठे वाढतं, कुणाबरोबर वाढतं, सगळं हवं. टेकरीचा खालचा निम्मा भाग आता प्लॉट पाडून सपाट केलाय, मुरुमाचे रस्ते टाकलेत, कॉलनीच्या नावाची कमान उभी आहे. वरचं अंग अजून आहे. किती दिवस आहे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून काल गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकटी.

चढताना दम लागला. वर पोचले तर सगळा उतार तुऱ्यांनी भरलेला. वारा आला की सगळं एकदम एका अंगाला झुकत होतं. तुझा एक कागद मी बरोबर आणला होता, पण वाळलेल्या तुऱ्याचा रंग गेलेला, आकार दबलेला. मारवेलच्या ठोंबांत शिरलेली, पेरावर कडं नसलेली गवतं तिथे कितीतरी निघाली, एकाहून एक सारखी. मला आठवलं, मी तुला एकदा विचारलं होतं, इतक्या लांबून तुला कसं कळतं, आणि तू वैतागून म्हणाली होतीस, "आता चालीवरून ओळखतो नं आपण माणूस, तसं." मी तेव्हा पिशव्या सांभाळत होते. तू कुठल्या बाजूने वळायचीस, कुठे थांबायचीस, काय पाहून बसायचीस, यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. मी नेहमी तू थांबल्यावर थांबले.

कॉलनीतले एक गृहस्थ फिरायला वर आले होते. मला गुडघ्यांवर बसलेली पाहून थांबले.

"कुछ गिर गया क्या, मैडम?"

"नहीं। घास ढूँढ रही हूँ।"

त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग जरा सांभाळून विचारलं, "कौन सी वाली?"

मी पुढच्या ठोंबाला हात घातला. ते निघून गेले.

मी ठोंब उपटत गेले, मुळं बोटांनी सोडवत गेले, काडी बुडापर्यंत चाचपून मगच तिचं पान कापत गेले. प्रत्येक पाकिटात पान आणि तुरा, दोन्ही, एकाच काडीचे. उन्हं उतरली. पाकिटं भरत गेली, लॅबमध्ये वाचेन तेव्हा वाचेन, पण मला एकाबद्दलही सांगता येईना की हे ते आहे. तुझं गवत खरं आहे, कुमुद. त्याची हाती लागलेली सगळी अक्षरं माझ्याकडे लिहिलेली आहेत, आई-बापासकट. या उतारावरच कुठेतरी ते उभं आहे, कदाचित माझ्या हाताखालीच, आणि मला ते ओळखू येत नाही.